बी नेलं, जाणतं माणूस मागे ठेवलं

मेक्सिकोच्या खेड्यात मक्याची भाकरी करायची तर काम आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात घालून चुलीवर ठेवतात, थोडे शिजले की उतरवून रात्रभर तसेच मुरू देतात. सकाळी दाण्यांवरची साल सुटलेली असते. ते दोन्ही हातांनी चोळायचे, पाणी बदलत धुऊन काढायचे आणि मेताते नावाच्या दगडावर वाटायचे. हा दगड म्हणजे आपल्या पाट्याचाच भाऊबंद, फक्त तीन पायांवर उभा. वाटून जो ओला गोळा तयार होतो त्याच्या भाकऱ्या थापतात. चुना घातला नाही तर पीठ धरत नाही, भाकरी तुटते, एवढं कारण तिथली कोणतीही बाई सांगेल. त्यामागचं आणखी एक कारण प्रयोगशाळेला विसाव्या शतकात कळलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की माणसाच्या आतड्याला ते घेता येत नाही; चुन्याने ते मोकळं होतं. मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या पट्ट्यात ही रीत किमान तीन हजार वर्षांची आहे.

कोलंबसाच्या सफरींनंतर स्पॅनिश जहाजांतून मका युरोपात पोचला. चुन्याची रीत पोचली नाही, कारण ती विचारून घ्यावी असं कोणाला वाटलंच नाही. पीक जोमदार होतं, गव्हाच्या मानाने उतारा कितीतरी जास्त होता, तेवढं पुरेसं होतं. उत्तर इटलीत जमीनदारांनी गहू बाजारासाठी ठेवला आणि कुळांच्या ताटात मका आला. सकाळ-संध्याकाळ पोलेंटा, म्हणजे मक्याचं पीठ पाण्यात शिजवून केलेला घट्ट गोळा, त्यासोबत फारसं काही नाही. 1735 साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टरला गरीब शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र रोग दिसला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल खरबरीत चट्टे, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा, मग हगवण, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. 1771 साली इटलीत या रोगाला पेलाग्रा हे नाव मिळालं. 1881 साली तिथल्या सरकारने रोग्यांची मोजदाद केली तेव्हा आकडा लाखाच्या वर गेला होता. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापूस पिकवणाऱ्या राज्यांत, मका, गूळपाणी आणि डुकराच्या चरबीवर जगणाऱ्या वाटेकरी शेतमजुरांमध्ये हाच रोग पसरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत तिथे सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि एक लाखाच्या आसपास माणसं मेली, असा अंदाज आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने 1914 पासून पुढची कित्येक वर्षं हे संसर्गाचं दुखणं नसून अन्नाचं आहे हे ओरडून सांगितलं. नायसिनचा उलगडा 1937 साली झाला. या सगळ्या काळात मेक्सिकोतली बाई रोज संध्याकाळी मक्यात चुना घालत होती, आणि तिच्या घरात पेलाग्रा नव्हता.

वसाहतींच्या काळात पिकं, जनावरं आणि रोग समुद्र ओलांडून गेले, हा इतिहास आपल्याकडे आता बऱ्यापैकी माहीत झाला आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, काजू, पेरू, पपई, अननस हे सगळं मुळात अमेरिका खंडातलं, यांतलं बरंचसं पोर्तुगिजांच्या हातून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलं, हे लोक हौसेने सांगतात, ऐकणारेही चकित होतात. माझी तक्रार अशी की या सांगण्यात झाडं आहेत, जहाजं आहेत, खलाशी आणि व्हाइसरॉय आहेत, पण ज्यांनी ती पिकं घडवली ती माणसं कुठेच नाहीत. रानात उगवणाऱ्या, बोटभर कणसाच्या गवतापासून नऊ हजार वर्षांपूर्वी मका करायला कोणी घेतला? दक्षिण अमेरिकेतल्या टिटिकाका सरोवराच्या काठचा बटाट्याचा कडवट, विषारी कंद कोणी पिढ्यान् पिढ्या निवडून खाण्याजोगा केला? ते काम शेतकऱ्यांनी केलं, आणि त्या कामासोबत पीक कसं पेरायचं, कशाबरोबर पेरायचं, कसं साठवायचं, कसं शिजवायचं याचं सगळं शास्त्रही त्यांनीच रचलं. जिंकणाऱ्यांनी बी उचललं आणि शास्त्र जाणणाऱ्यांना चिरडलं. त्याची किंमत आधी त्या लोकांनी भरली, नंतर युरोपातल्या आणि आफ्रिकेतल्या गरिबांनी भरली. आणि ही रीत संपलेली नाही. आज ती कायद्याच्या आणि पेटंटच्या कागदांवर चालू आहे, म्हणूनच हा विषय इतिहासाच्या पुस्तकात मिटून ठेवता येत नाही.

बटाट्याचं उदाहरण मक्याहूनही बोलकं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात आजही बटाट्याचे चार हजारांवर देशी वाण आहेत. जांभळे, पिवळे, लाल, आल्यासारखे वेडेवाकडे. एकाच डोंगरउतारावर वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळे वाण लावायचे, एकाच वाफ्यात दहा-वीस जातींची सरमिसळ करायची, ही तिथली जुनी पद्धत. दहिवर पडलं तर काही वाण जातील, करपा आला तर दुसरे जातील, पण सगळे एकदम कधीच जाणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. शिवाय चुन्यो. कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, ते गोठतात. दिवसा ऊन लागून मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की खडखडीत वाळलेला, हलका बटाटा उरतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. तिथल्या इंका राज्याची कोठारं अशाने भरलेली असत. दुष्काळाची तजवीज पिकाच्या पद्धतीतच होती.

युरोपात बटाटा आला तो मोजक्या वाणांनिशी. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गरिबांच्या शेतात जवळजवळ एकच वाण राहिला, लंपर नावाचा. बटाटा कंदापासूनच लावतात, म्हणून सगळ्या बेटावर जणू एकच झाड पसरलेलं होतं. 1845 साली अमेरिकेकडूनच करपा आला आणि काही आठवड्यांत शेतंच्या शेतं काळी पडून सडली. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, आणखी दहा लाखांवर लोक देश सोडून गेले. इथे मी बटाट्याला किंवा करप्यालाच दोषी धरत नाही. आयरिश कुळांकडे जमिनीचा इतका बारका तुकडा होता की बटाट्याशिवाय दुसरं काही लावून कुटुंब जगलं नसतं. चांगल्या जमिनीत पिकणारं धान्य आणि गुरं इंग्लंडकडे जात होती, दुष्काळातही जात राहिली. वसाहतीच्या व्यवस्थेने एका बाजूला अँडीजचं शहाणपण वगळून नुसता कंद उचलला, आणि दुसऱ्या बाजूला एका अख्ख्या समाजाला त्या एका कंदावर टांगून ठेवलं. दोन्ही गोष्टी एकाच हाताने केल्या.

कसाव्याबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शोषितांचं कर्तृत्व दिसतं. आपला साबुदाणा ज्या कंदाच्या स्टार्चपासून तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो, तो हाच. कडू कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक तो किसतात, वेताच्या लांबट विणलेल्या नळीत भरून पिळतात, मग भाजतात. पोर्तुगिजांनी कसावा आफ्रिकेत नेला, तेव्हा काँगोच्या खोऱ्यातल्या बायकांनी आपल्या अनुभवातून तो कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवून विष काढायच्या स्वतःच्या रीती बसवल्या. पण युद्ध किंवा अवर्षण आलं, भिजवायला वेळ आणि पाणी उरलं नाही, की तेच पीक माणसाचे पाय कायमचे लुळे करतं. 1981 साली मोझांबिकच्या नांपुला भागात हजाराहून जास्त लोकांना, त्यातही बायका-मुलांना, असं पांगळेपण आलं. अन्नाचं ज्ञान हे अन्नाइतकंच जीव वाचवणारं असतं, याहून वेगळा पुरावा काय द्यायचा?

आता प्रश्न असा पडतो की विचारून का घेतलं नाही. याचं उत्तर रोगांच्या इतिहासात आहे. ज्यांना विचारायचं ते मरत होते. 1518 च्या अखेरीस कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर देवीची साथ आली. तिथले ताइनो लोक तोवर सोन्याच्या खाणींतल्या वेठीने आधीच खंगले होते. 1520 साली देवी मेक्सिकोत पोचली. तिथल्या अस्तेका राज्याचा सम्राट मोक्तेसुमा याच्यानंतर गादीवर आलेला कुइत्लाहुआक जेमतेम 80 दिवस राज्य करून देवीने गेला, आणि 1521 च्या ऑगस्टमध्ये अस्तेकांची राजधानी तेनोचतित्लान स्पॅनिशांच्या हाती पडली. पेरूत इंका राजा हुआयना कापाक स्पॅनिश फौज दिसण्याआधीच साथीने मेला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्याच्या मुलांत यादवी माजली आणि 1532 साली स्पॅनिश सेनानी पिझारोला आयतं रान मिळालं.

या मृत्यूंबद्दल एक सोयीस्कर मांडणी रूढ आहे. तिथल्या लोकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती, जंतूंनी काम केलं, यात कोणाचा काय दोष! ही मांडणी मला अपुरीच नव्हे तर अन्यायाची वाटते. देवीने पहिला घाव घातला हे खरं. पण मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या आठवणी साहागुन या धर्मोपदेशकाने त्यांच्याच भाषेत लिहून घेतल्या, त्यांत स्पष्ट येतं की पुष्कळ माणसं भुकेने मेली, कारण घरातले सगळेच अंथरुणाला खिळले होते आणि अन्न द्यायला कोणी उरलं नव्हतं. साथीतून समाज पुन्हा उभा राहतो. युरोपही प्लेगनंतर शंभर-दीडशे वर्षांत उभा राहिला होता. अमेरिकेत ती उसंत मिळू दिली गेली नाही. 1573 पासून पेरूचा स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने खेड्यांतल्या धडधाकट पुरुषांपैकी सातवा हिस्सा पाळीपाळीने पोतोसीच्या चांदीच्या खाणीत वेठीला पाठवायला लावला. गावं उठवून एकत्र वसवली. बायका-पोरं उपाशी, पुरुष खाणीत, आणि वरून गोवर, देवी, टायफस. अशा माणसांच्या मरणाचा सगळा हिशेब जंतूंच्या नावावर टाकता येत नाही.

जी माणसं वाचली त्यांचं ज्ञानही सुरक्षित राहिलं नाही. 1562 च्या जुलैत मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावात दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. आज जगात माया पोथ्या जेमतेम चार उरल्या आहेत. जनावरांनीही आपला वाटा उचलला. कोलंबसाच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीतच घोडे, गुरं, डुकरं, मेंढ्या उतरल्या होत्या. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायच्या मिल्पा शेतांना कुंपणं नसत, कारण तिथे पीक खाणारं मोठं पाळीव जनावरच नव्हतं. मोकाट गुरांनी शेतं तुडवल्याच्या तक्रारींनी मेक्सिकोची वसाहतकालीन दप्तरं भरली आहेत.

उलट दिशेने ज्ञान आलं तेव्हाही त्याची वासलात लावली गेली. 1721 साली बॉस्टनमध्ये देवीची साथ उसळली. ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाने आपला मालक कॉटन मॅदर याला आधीच सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे देवीच्या फोडातला अंश निरोगी माणसाच्या कातडीत टोचतात, मग हलका ताप येतो आणि पुन्हा देवी येत नाहीत. त्यावरून बॉयल्स्टन या डॉक्टरने सुमारे 240 जणांना टोचलं, त्यातले 6 दगावले. नैसर्गिक देवी झालेल्यांत दर सातांमागे एक जण मेला. शहरातल्या डॉक्टरांनी तोवर या गोष्टीची टवाळी केली होती, ती गुलामाकडून आली म्हणून. बंगालमध्येही टीकादार, म्हणजे देवी टोचणारे लोक हेच काम पिढ्यान् पिढ्या करत होते. नंतर जेनरची लस आली, ती अधिक सुरक्षित होती आणि तिने लाखो जीव वाचवले, यात शंका नाही. पण ज्या टोचणीच्या अनुभवावर युरोप त्या लशीपर्यंत पोचला, तो अनुभव तुर्कस्तान, आफ्रिका आणि आशियातल्या सामान्य माणसांचा होता.

यावर एक आक्षेप येतो आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पिकं हिंडली म्हणून जगाचं भलंच झालं ना? बटाट्याने युरोपची भूक भागवली. मका आणि रताळी चीनच्या डोंगराळ भागात पोचली आणि तिथली लोकसंख्या वाढली. आपल्याकडे शेंगदाण्याने कोरडवाहू शेतकऱ्याला नगदी पीक दिलं. हे सगळं मला मान्य आहे. माझं भांडण पिकांच्या प्रवासाशी नाहीच. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही आपल्या भाकरीची तीनही धान्यं मूळची आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. त्यासाठी कोणी आफ्रिकेतली शहरं बेचिराख केली नव्हती. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, शेतकऱ्याच्या हातून शेतकऱ्याच्या हाती, ती हळूहळू आली आणि इथल्या मातीत मुरली. रताळं कोलंबसाच्या कितीतरी आधी दक्षिण अमेरिकेतून पॉलिनेशियाच्या बेटांवर पोचलं होतं, तेही कोणाला गुलाम न करता. तेव्हा वसाहतवाद नसता तर बटाटा आपल्याला मिळालाच नसता, हा युक्तिवाद टिकत नाही. कदाचित उशिरा मिळाला असता. पण चार वाण जास्त घेऊन आणि ते कसे जपायचे हे शिकून मिळाला असता.

सोळाव्या शतकात हे हेळसांडीने झालं, एकोणिसाव्यात ठरवून झालं. सिंकोनाची गोष्ट त्यासाठी नीट पाहायला हवी. हिवतापावरचं कोयनेल या झाडाच्या सालीतून निघतं, आणि झाड फक्त अँडीजच्या पूर्व उतारावर होतं. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोर यांना त्याचं मोल ठाऊक होतं, त्यामुळे बी देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही असा त्यांचा प्रयत्न होता. ब्रिटिश सरकारने 1860 च्या सुमारास क्लेमंट्स मार्कहॅमची मोहीम पाठवून बी आणि रोपं मिळवली आणि उटीजवळ निलगिरीत मळे उभे केले. पण त्या झाडांत कोयनेल बेताचं होतं. भरपूर कोयनेल असलेलं झाड कोणतं हे ओळखणारा माणूस होता मानुएल इंक्रा मामानी. हा बोलिव्हियाचा आयमारा जमातीचा जाणकार, चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याकडे कामाला होता. हव्या त्या झाडांवर दहिवर पडून बी करपत असे, म्हणून मामानी चार वर्षं थांबला. 1865 साली चांगलं बी धरलं तेव्हा त्याने ते गोळा केलं आणि डोंगर उतरून लांबचा पल्ला तुडवत लेजरला आणून दिलं. लेजरकडून ते डच सरकारने विकत घेतलं आणि जावात लावलं. पुढे जगातलं नव्वद टक्क्यांच्या वर कोयनेल जावातून येऊ लागलं. मामानी पुन्हा बी गोळा करायला गेला तेव्हा पकडला गेला, त्याला कोठडीत टाकलं, मारहाण केली आणि त्यातच तो गेला. डचांनी झाडाला नाव दिलं सिंकोना लेजरियाना.

बंगालमध्ये 1892 पासून टपाल कचेरीत एका पैशाला कोयनेलची पुडी मिळू लागली. हिंदुस्थानातले किती जीव त्याने वाचले असतील. त्याच कोयनेलच्या जोरावर युरोपी फौजा आफ्रिकेच्या आतल्या भागात शिरल्या, हेही तितकंच खरं. अँडीजला यातून काय मिळालं? जी होती ती बाजारपेठही गेली. मामानीने झाड ओळखण्यात घालवलेली सगळी हयात लेजरच्या नावावर जमा झाली. सिंकोनाच्या मागोमाग 1876 साली हेन्री विकहॅमने ब्राझीलहून रबराच्या सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. त्यातून उगवलेल्या रोपांची पिल्लावळ आज मलेशियात आणि केरळात आहे.

हे सगळं आपल्याला कुठे लागू होतं, असं कोणी विचारेल. आपण तर स्वतःच वसाहत होतो. 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं तेव्हा सगळा देश खवळला. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि जुने शोधनिबंध पुढे ठेवले आणि 1997 साली ते पेटंट रद्द करून घेतलं. मराठी माणसाला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या वेळी आपण जे तत्त्व मांडलं, की पिढ्यान् पिढ्या लोकांनी सांभाळलेलं ज्ञान कोणी एकट्याने आपल्या नावावर करू नये, ते आपण स्वतःला लावून घेतो का?

राजगिऱ्याचं पाहा. एकादशीला आपल्या घराघरांत राजगिऱ्याचे लाडू आणि वड्या असतात. हे धान्य मूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोच्या अस्तेका राज्यात ते खंडणी म्हणून कोठारांत जमा होई. सणाच्या दिवशी त्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून प्रसाद म्हणून वाटत, आणि नेमक्या त्याच कारणाने स्पॅनिश पाद्र्यांनी त्यावर डोळा ठेवला. लागवड ओसरली. तरीही मेक्सिको शहराच्या कडेच्या तुल्येहुआल्को गावात आजही लाह्या फोडून मध किंवा गुळात घोळलेल्या वड्या करतात, आपल्या वडीशी हुबेहूब जुळणाऱ्या. चारशे वर्षांच्या उधारीची वसुली तिथल्या शेतकऱ्याने आपल्याकडे मागावी, असं मी म्हणत नाही. पण आपल्या पाठ्यपुस्तकात वास्को द गामा आणि कोलंबस यांच्या सफरींचे नकाशे असतात, तिथे मका, बटाटा, राजगिरा ज्यांनी घडवला त्या नाहुआ, माया, क्वेचुआ, आयमारा लोकांचा एक नीट परिच्छेद असायला काय हरकत आहे?

आणि घरातलं काय चाललं आहे? 2019 साली पेप्सिको कंपनीने गुजरातच्या बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर दावे लावले, आपल्या नावावर नोंदलेला चिप्सचा वाण त्यांनी लावला म्हणून. काही शेतकऱ्यांकडे एक कोटीच्या वर भरपाई मागितली होती. ओरड झाल्यावर दावे मागे घेतले. 2021 साली वाण संरक्षण प्राधिकरणाने ती नोंदणी रद्द केली, आणि 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपला 2001 चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क देतो, फक्त ब्रँड लावून विकायला मनाई आहे. कायदा चांगला आहे. तरी मूळ गोष्ट नजरेआड करता येत नाही. आठ हजार वर्षं अँडीजच्या शेतकऱ्यांनी घडवलेल्या पिकावर एका कंपनीने काही वर्षांचं काम केलं, आणि मालकीची नोंद त्या काही वर्षांचीच झाली.

जैवविविधता कायद्याचंही तेच. 2002 साली आपण कायदा केला की स्थानिक लोकांच्या वनस्पती आणि ज्ञान वापरून कोणी नफा कमावला तर त्यातला वाटा त्या लोकांना मिळावा. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेलं पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना या वाट्यातून सूट दिली. ज्ञान ग्रंथात आहे म्हणजे ते कोणाचंच नाही, असा याचा अर्थ होतो. पण रानातून ती मुळी ओळखून आणणारा ठाकर किंवा महादेव कोळी आजही तिथेच आहे. मामानीसारखा. जिनिव्हात 2024 च्या मे महिन्यात पेटंट अर्जात जैविक साधनाचा मूळ देश किंवा मूळ समाज सांगणं बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात भारताने पुढाकाराची भाषा केली. बाहेर एक आणि घरात दुसरं, हे शोभत नाही.

दुसरी वाट आहे, आणि ती स्वप्नातली नाही. पेरूत कुस्कोजवळ पिसाकच्या खोऱ्यात काही क्वेचुआ गावांनी मिळून बटाट्याचं उद्यान उभं केलं आहे. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने याच डोंगरांतून पूर्वी गोळा केलेले चारशेच्या आसपास वाण 2004 च्या करारानुसार त्या गावांना परत दिले. गावकरी ते लावतात, हवामान तापतंय तसं कोणता वाण किती उंचीवर सरकवावा लागतो याच्या नोंदी ठेवतात, आणि शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकतात. आपल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, भात, नाचणी, भाजीपाल्याचे कितीतरी देशी वाण राखले, त्यांना पद्मश्री मिळाली. एका बाईचा गौरव झाला याचा आनंद आहेच. पण प्रत्येक डोंगराळ तालुक्यात अशा बायका आहेत, त्यांच्या गाडग्या-मडक्यांत राखेत घोळलेलं बियाणं आहे, आणि कोणता वाण कोणत्या वरकस जमिनीत, कोणता बाळंतिणीला, कोणता उशिरा पाऊस आला तर, हे त्यांच्या तोंडी आहे. बियाणं नुसतं शीतगृहात नेऊन ठेवलं आणि हे तोंडचं ज्ञान सोडून दिलं, तर चुन्याविना मका नेण्याचीच ती नवी आवृत्ती होईल.

2022 साली राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यासाठी सुमारे 172 कोटी रुपये ठरवले. उत्तम निर्णय. त्या कोशातल्या प्रत्येक वाणाच्या नोंदीत तो देणाऱ्या माणसाचं आणि गावाचं नाव असावं, त्याची लागवड आणि रांधणं त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असावं. तो वाण कोणत्याही विद्यापीठाला किंवा कंपनीला देण्याआधी गावाच्या जैवविविधता समितीची लेखी संमती घेतली जावी, आणि त्यातून नवं बियाणं बाजारात आलं तर विक्रीतला ठरावीक हिस्सा त्या समितीच्या खात्यावर जमा व्हावा. मागितल्यावर वाणाचं मूठभर बी गावाला विनामूल्य परत मिळावं. हे नियम आज लिहायला हवेत, कारण बियाणं गोळा करणारी गाडी एकदा गावातून निघून गेली की मग गावाच्या हातात काहीच राहत नाही.